गुडघ्यावरून काढलेला फोटो

(टोंगाची राजधानी नुकुआलोफा. तिथला एक छोटा दातांचा दवाखाना. रुग्णाच्या खुर्चीत ताठ बसलेल्या कालोलाइने. समोर त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, डॉक्टर फुसी. भिंतीलगतच्या बाकावर फुसीची आई लुपे.)

कालोलाइने : हा दात माझा नाही.

फुसी : आत्या, हा नुसता नमुना आहे. बसतो कसा ते पाहण्यापुरता. अजून जरा वर सरकवून बघा ना.

कालोलाइने : सरकवला. आरसा मीच धरला आहे, दातही मीच बसवते आहे. तुझ्या दवाखान्यात मी रुग्ण आहे की कामाला ठेवलेली बाई, ते एकदा सांग मला.

लुपे : वन्सं, ती बिचारी आत्याच्या डोक्याला हात कसा लावणार?

कालोलाइने : ती हात का लावत नाही, ते मला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, लुपे. मी दाताबद्दल बोलते आहे. खालच्या कडेला ठीक आहे. वर, हिरडीपाशी, तो रुंद आहे. बाकावर जागा नसताना घुसून बसलेल्या माणसासारखा शेजाऱ्याला कोपर मारतो आहे.

लुपे : पण दिसतो किती छान. पांढराशुभ्र, अगदी चौकोनी. आमच्या चर्चमधली ती व्हिका ऑकलंडहून तोंडभर करून आली ना, तिचे असेच आहेत.

कालोलाइने : व्हिका हसली की मला वाटतं, कुणीतरी फ्रीजचं दार उघडलं. आणि तुझा ऊस सोलता सोलता मी या खुर्चीपर्यंत आले आहे, तेव्हा दातांच्या बाबतीत तुझं मत मी विचारणार नाही.

लुपे : ऊस कोवळा होता हो. फुसीच म्हणाली, तो दात आतून आधीच चिरलेला होता म्हणून. म्हणाली होतीस ना गं?

फुसी : म्हणाले होते. आई, तू जरा थांब. आत्या, तो रुंद असेल असं मला वाटत नाही. मी दोनदा मोजलंय.

कालोलाइने : काय मोजलंस?

फुसी : त्याचा जोडीदार. तुमचा तुटलेला दात वरून गेलाच, हिरडीत मूळ तेवढं राहिलंय. समोरचे दोन दात जुळे असतात. आरशात धरावा तसा एकावरून दुसरा मिळतो. म्हणून शेजारच्या दाताचा आकार घेतला आणि ऑकलंडच्या लॅबकडून हा करून आणला.

कालोलाइने : माझ्या तोंडात बोट घातलं नाहीस आणि मोजलास?

फुसी : फोटोवरून. साच्याचा लगदा भरून माप घेतात, पण त्यासाठी एक हात डोक्यामागे धरावा लागतो. मी तेव्हा तो विषयच काढला नाही.

कालोलाइने : बरं केलंस. आता मला समजेल असं सांग. आकाराचा एवढा घोळ कशाला? मूळ उपटून टाक, हाडात स्क्रू बसव, त्यावर दात बसव. खिळ्यावर टोपी टांगतात, तेव्हा टोपीचा आकार विचारून कुणी खिळा मारत नाही.

फुसी : इथे विचारावा लागतो, आत्या. तिथेच तर सगळी गंमत आहे.

कालोलाइने : सांग तर मग. मला दुसरं काम नाही. गाण्याच्या तालमीला जायचं मी सोडलेलंच आहे.

लुपे : सगळ्या बायका विचारतात, वन्सं. रविवारी पाद्रीबाबासुद्धा म्हणाले, वरचा सूर कुणी धरतच नाही हल्ली.

कालोलाइने : तुटका दात झाकायला तोंडासमोर हातपंखा धरून वरचा सूर लागत नाही. फुसी, सांग.

फुसी : काही माणसांचे दात चौकोनी असतात. वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखे रुंद. असे दोन दात शेजारी उभे राहिले की एकमेकांना लांबवर चिकटतात, मग हिरडीला त्यांच्यामध्ये थोडीच जागा भरावी लागते. अशा माणसाची हिरडी बहुधा जाड असते, टिकाऊ. चुकलंमाकलं तर सांभाळून घेते.

कालोलाइने : आणि दुसरे?

फुसी : दुसरे त्रिकोणी. कडेला रुंद, हिरडीपाशी निमुळते. ते एकमेकांना अगदी टोकाशी चिकटतात, त्यामुळे मधली फट उंच होते. ती भरायला हिरडीला खूप वर चढावं लागतं, म्हणजे वरच्या दातांत खाली उतरावं लागतं. आणि ही हिरडी पातळ असते. जोवर दात जागेवर आहे, तोवर ती त्याच्या आधाराने तग धरून राहते. दात काढला की बसते. एकदा बसली की परत आणता येत नाही. दोन दातांच्या मध्ये काळी खिडकी दिसते, जन्मभर.

कालोलाइने : तंबूचा खांब काढावा तसं.

फुसी : तसंच. म्हणून मूळ काढायचं त्याच दिवशी, त्याच तासाला, तिथे तात्पुरता दात उभा करायचा. हिरडीला कळताच कामा नये की कुणी गेलं. पण तो दात हुबेहूब जुन्या घाटाचा पाहिजे. हिरडीपाशी त्याचा गळा रुंद झाला तर पातळ हिरडी दबते, आणि दबली की मागे सरते. अरुंद झाला तर तिला टेकायला काही नाही. स्क्रू किती खोल, टाळूकडे किती झुकवायचा, हेही त्या घाटावरून ठरतं. आधी दात ठरतो, मग खिळा.

कालोलाइने : म्हणजे अजून जो जन्माला यायचा आहे, तो ठरवतो की त्याचं घर कुठे बांधायचं.

फुसी : हो.

कालोलाइने : चटईसारखं आहे. काठ कसा वळवायचा हे ठरल्याशिवाय पहिली पट्टी टाकता येत नाही. मग माझे दात कुठले, चौकोनी की त्रिकोणी?

फुसी : फोटोत तर चौकोनी. हे बघा, पडद्यावर. उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी. हिरडीची कमानही सपाट आहे.

कालोलाइने : पडदा इकडे वळव. हे माझं तोंड आहे?

फुसी : हो.

कालोलाइने : सत्तर वर्षं मी हे तोंड आरशात पाहते आहे. यातले दात बुटके आहेत. माझे कधीही बुटके नव्हते. हा फोटो कुठून काढलास?

फुसी : समोरून.

कालोलाइने : समोरून नव्हे. आठव.

लुपे : समोरूनच, वन्सं, मी इथेच होते की. तुम्ही खुर्चीत बसला होता आणि ही इथे, तुमच्या पायाशी, गुडघ्यांवर. कॅमेरा वर करून.

फुसी : आई...

लुपे : काय झालं? तसंच बसायचं असतं. वन्सं बसलेल्या असताना पोरीने काय त्यांच्या डोक्यावर उभं राहायचं? खुर्ची मागे झुकवू नकोस, असं वन्संनीच बजावलं होतं.

फुसी : मी खालून काढलाय.

कालोलाइने : अर्थात खालून काढलास. माझ्या भावाची मुलगी दुसरं कुठून काढणार? प्रश्न तो नाही. खालून काढल्याने काय होतं, हा प्रश्न आहे.

फुसी : उंची दबते. आणि दिवा वरून होता, म्हणजे ओठाची सावली पडली असणार, नेमकी गळ्यावर. हे बघा, इथे वर नुसतं काळं आहे. लॅबवाल्यांना गळा दिसलाच नाही. त्यांनी बुटका दात बघून त्याला शोभेल असा गळा मनाने काढला. चौकोनी. फिजीत, सुव्हाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात हे, कॅमेरा दातांच्या रेषेत धरायचा म्हणून. माझ्या लक्षातच आलं नाही. मी एवढी जपून बसले होते, की...

कालोलाइने : की रुग्ण बघायची राहिली. पण हे सगळं अजून तुझं बोलणं आहे. मला पुरावा पाहिजे.

फुसी : कसला पुरावा?

कालोलाइने : खालून काढल्याने दात खरोखर बदलतो याचा. तुझा फोन दे. तिथे उभी राहा, ओठ वर कर. मी बसूनच काढते. मी खालून काढते आहे, तू सरळ समोर बघ. झालं. आता माझ्या समोर, माझ्या उंचीला ये. माझी खुर्ची खाली जाणार नाही, तुझं स्टूल वर घे.

लुपे : एका उंचीवर बसवताय तिला, वन्सं? समोरासमोर?

कालोलाइने : फोटोपुरतं. तुला बघवत नसेल तर बाहेर गाडीत नवऱ्यापाशी जाऊन बस.

लुपे : ते विचारतील, आत काय चाललंय. मी काय सांगू? ते तर फाटकाच्या आतसुद्धा यायला तयार नाहीत. म्हणाले, बहीण खुर्चीत तोंड उघडून बसलेली असणार, मी तिथे पाऊल ठेवणार नाही.

कालोलाइने : माझ्या भावाला, लिसिआतेला, रीत कळते. या घरात ती कळणारा तो शेवटचाच दिसतो. फुसी, हसू नकोस, ओठ वर धर. हं. आता दोन्ही शेजारी लाव आणि मोठे कर.

फुसी : बाप रे.

कालोलाइने : काय?

फुसी : पहिल्यात माझे दात चौकोनी दिसतायत. दुसऱ्यात बघा, केवढे निमुळते. वर गळा अगदी चिंचोळा. दात तेच आहेत, आत्या, आणि दोन माणसांचे वाटतात.

लुपे : बघू. अगं बाई, खरंच की. आणि हे तर वन्संचे दात आहेत. वन्संच्या लग्नातला तो फोटो, आमच्या बैठकीतला, त्यात हसताना अस्से दिसतात. माझ्या बाजूचं काही म्हणून घेतलं नाही या पोरीने. एक दाढसुद्धा नाही.

कालोलाइने : घेतलं आहे. नको तिथे बोलणं तुझंच आहे. फुसी, हे माझ्या वडिलांचे दात. त्यांचे, माझे, लिसिआतेचे आणि तुझे. आम्ही बहीणभाऊ लहानपणी रताळ्याचा तुकडा चावायचो आणि भोवती बसून दातांचे ठसे बघायचो. सगळ्यांचे सारखे उमटायचे. मग कुणी चोरून खाल्लं ते आईला कधीच सापडायचं नाही.

लुपे : मग सुटलाच की प्रश्न. फुसीच्या दाताचं माप पाठवा लॅबला. तिचं तिला काढता येईल. वन्संच्या डोक्याला हात लावायला नको, काही नको. येशूनेच सुचवलं म्हणायचं. नोव्हेंबरात फुसीच्या भावाचं, सेमिसीचं लग्न आहे, वन्सं मानाने पुढे बसतील, आहेराच्या चटया त्यांच्या पुढ्यात येतील, त्या हसतील. झालं. मी यांना सांगून येते.

कालोलाइने : बस खाली. डॉक्टर काही बोलत नाही, म्हणजे तिला ते पटलेलं नाही. बोल.

फुसी : आई म्हणते ते अर्धं बरोबर आहे. दाताचा घाट माझ्यावरून मिळेल.

कालोलाइने : आणि उरलेलं अर्धं?

फुसी : हिरडी माझ्यावरून मिळणार नाही. माझी हिरडी तिशीतली आहे. तुमची किती उतरली, किती पातळ झाली, दोन दात टोकाला चिकटतात तिथून हाड किती दूर आहे, ते सुईसारखी पट्टी हिरडीत घालून बघावं लागतं. अंतर कमी असेल तर फट भरेल. जास्त असेल तर काळी खिडकी राहील, कितीही सुंदर दात केला तरी. ते आधी कळलं नाही तर मी आंधळेपणाने मूळ उपटणार. आणि मूळ एकदाच उपटता येतं.

कालोलाइने : ऑकलंडला माझा स्कॅन काढला होता की. अख्खं डोकं यंत्रात घातलं होतं.

फुसी : त्यात हाड दिसतं. हाड चांगलं आहे तुमचं. त्रिकोणी दातांचा तेवढा एक फायदा, मुळं लांब लांब असतात, मध्ये हाड भरपूर मिळतं. पण पुढची भिंत कागदासारखी आहे. हिरडीचा अंदाज त्यातून येत नाही.

लुपे : तिथे यंत्रात डोकं घातलं तेव्हा कुणी धरलं होतं, वन्सं?

कालोलाइने : एका गोऱ्या मुलीने. पट्टा बांधला, हनुवटी वर केली, कपाळ मागे दाबलं. मी करू दिलं. तिला कुठे माहीत होतं की हे डोकं कुणाचं आहे?

फुसी : म्हणूनच मी विचार करत होते, आत्या. मी तुम्हाला ऑकलंडलाच पाठवते. तिथे माझ्याबरोबर शिकलेले एक चांगले डॉक्टर आहेत. मी त्यांना सगळं कळवते. त्यांना तुमचं डोकं धरायला काही अडचण नाही.

कालोलाइने : तू मला परक्याकडे पाठवतेस.

फुसी : तुमच्या भल्यासाठी.

कालोलाइने : तुझा बाप तुला बँकेत चिकटवणार होता. आठवतं? मी त्याच्या घरी गेले, तो बाहेर जाऊन उभा राहिला, आणि मी तुझ्या आईला सांगितलं की ही मुलगी सुव्हाला जाईल आणि दातांची डॉक्टर होईल. एवढंच बोलले. पुन्हा कुणी बँकेचं नाव काढलं नाही. ते मी एवढ्यासाठी केलं, की माझ्याच दाताची वेळ आल्यावर तू मला विमानात बसवावंस?

फुसी : असं नका म्हणू.

कालोलाइने : मग खरं कारण सांग. पाठवते आहेस की पळते आहेस?

फुसी : पळते आहे.

लुपे : फुसी.

फुसी : खरंच सांगते. लहानपणी एकदा मी तुमच्या मागून गेले आणि तुमच्या केसातलं फूल पडत होतं ते नीट केलं. पाच वर्षांची असेन. आठवतं तुम्हाला? तुम्ही काहीच बोलला नाहीत. बाबांनी मात्र मला घरामागे नेलं. मारलं नाही. खाली बसले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणाले, माझ्या डोक्याला तू हात लावत नाहीस ना? आणि आत्या माझ्याही वर आहे. मला तेव्हाचे त्यांचे डोळे आठवतात. दुसऱ्या कुणाच्याही तोंडात मी बेधडक हात घालते. तुमच्यासमोर बसले की बोटं गार पडतात.

कालोलाइने : फूल नीट बसलं होतं.

फुसी : काय?

कालोलाइने : काही नाही. लिसिआतेने मला हे कधी सांगितलं नाही. पण तो मला कसा सांगणार, आम्ही दोघं एका खोलीत बसतो कुठे?

लुपे : मी यांना विचारून येऊ का? म्हणजे त्यांची परवानगी असली की पोरीच्या मनावरचं ओझं...

कालोलाइने : माझ्या डोक्याबद्दल माझ्या धाकट्या भावाची परवानगी? लुपे, तू या घरात येऊन जन्म काढलास आणि अजून कोण कुणाच्या वर ते तुला उमगलं नाही.

लुपे : उमगलंय हो. तेच तर. सगळ्यांत खाली मी आहे, म्हणून मी धावत जाऊन येते.

कालोलाइने : जाऊ नकोस. हा गुंता सोपा आहे. माझं म्हणणं माझ्या भावाच्या मुलांनी मोडायचं नसतं. बरोबर? तर मी सांगते. फुसी, माझ्या डोक्याला हात लाव. हा हुकूम आहे. आता हात न लावणं हाच अपमान होईल. रीत जिथल्या तिथे राहिली आणि कामही झालं.

लुपे : बघ, किती सोपं केलं वन्संनी.

फुसी : नाही, आत्या.

कालोलाइने : नाही?

फुसी : हुकमाने हात लावेन, पण तो थरथरेल. माझ्या हातात टोकदार पट्टी असणार. पुढच्या महिन्यात सुरी असेल. तुम्ही माझ्याकडे अशा रोखून बघत असाल आणि मी पुन्हा जपून, लांबून, चुकीच्या कोनातून काम करेन. एकदा केलंच ना. हुकूम नको मला.

कालोलाइने : मग काय पाहिजे? मी तुला विनवू?

फुसी : नाही.

कालोलाइने : मग?

फुसी : खुर्ची मागे झुकवू द्या. डोळे मिटा. आणि मी सांगेपर्यंत, तेवढा वेळ, काही सांगू नका मला.

लुपे : देवा.

कालोलाइने : तू असं कुणाकुणाला म्हणतेस?

फुसी : सगळ्यांना. खासदार आले होते, त्यांनाही म्हणाले.

कालोलाइने : त्यांनी मिटले?

फुसी : लगेच.

कालोलाइने : भित्रा माणूस आहे तो. लुपे, भिंतीकडे तोंड कर. फुसी, झुकव खुर्ची. हळू. अजून किती? मला छताशिवाय काही दिसत नाही.

फुसी : आता छतही बघायचं नाही.

कालोलाइने : बरं.

फुसी : मी डावा हात कपाळावर ठेवते आहे. ठेवला. आता ओठ वर करते. दिवा जवळ घेते. पट्टी हिरडीत जाईल, टोचल्यासारखं वाटेल. आई, तू तिकडे तोंड करून प्रार्थना करतेयस, ती जरा मनात कर.

लुपे : मनातच करत होते.

फुसी : आत्या, तुमचे दात किती सुंदर आहेत. कुठे चौकोनी आणि कुठे काय. गळा माझ्यापेक्षाही निमुळता. टोकाशी एवढंसं चिकटतात, तांदळाच्या दाण्याएवढं. म्हणून वर तो कोपर लागत होता. तुम्ही बरोबर होता. आणि हिरडी... हिरडीतून मला माझी पट्टी दिसतेय. इतकी पातळ. तो चौकोनी दात मी घातला असता तर लग्नापर्यंत ही कितीतरी वर सरकली असती. आता हाड. थोडं दुखेल. हं. एका बाजूला अंतर ठीक आहे, तिकडची फट भरेल. दुसऱ्या बाजूला जास्त आहे. आता फोटो, समोरून, सरळ. झाला. आता बोललात तरी चालेल, पण डोळे नका उघडू.

कालोलाइने : जास्त आहे म्हणजे खिडकी.

फुसी : बारीकशी. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे नवा दात चौकोनी करायचा, पण मग तो एकटा चौकोनी शोभणार नाही, तुमच्या चांगल्या दातालाही दाताच्या रंगाचा मसाला लावून रुंद करावं लागेल. फट बुजेल. पण दात तुमचे राहणार नाहीत, आणि गळा रुंद केला की पातळ हिरडीची भीती कायमची.

कालोलाइने : व्हिकाचा मार्ग. दुसरा?

फुसी : दात आहे तस्साच करायचा. स्क्रू जरा टाळूकडे झुकवायचा, पुढच्या कागदी भिंतीपासून लांब. आणि तोंडातल्या टाळूवरून कातडीची छोटी पट्टी काढून हिरडीला आतून अस्तर लावायचं, म्हणजे ती जाड होईल. तरीही त्या एका बाजूला तिळाएवढी फट राहू शकते. राहणार नाही असं मी खोटं सांगणार नाही.

लुपे : वन्सं, लग्नात सगळी बेटं येणार आहेत. वाव्हाऊ बेटावरून नवरीकडचे येणार आहेत. तिळाएवढी म्हणजे दिसेलच की हो.

कालोलाइने : दिसू दे. तोंड उघडं ठेवून दिसली तर चालेल, पंख्यामागे लपवायला मात्र मी दात करून घेत नाही. फुसी, अस्तर लाव. आमचा घाट ठेव. फटीचं मी बघून घेईन, ती माझी आहे. कधी सुरू करतेस?

फुसी : आजच्या मापावर नवा नमुना येऊ दे. त्याने कोपर मारला नाही तर मूळ काढू. तेव्हाही असंच झुकावं लागेल. बराच वेळ.

कालोलाइने : डोळे मिटून.

फुसी : डोळे मिटून.

कालोलाइने : तुझ्या बापाला यातलं काय सांगायचं ते लुपे ठरवेल. म्हणजे सगळंच सांगेल.

लुपे : मी एक अक्षर सांगणार नाही.

कालोलाइने : सांग. त्यालाही कळू दे की पोरीची बोटं गार पडली होती आणि तरी हलली नाहीत.

फुसी : झालं, आत्या. सगळे फोटो आले. दुखलं का कुठे?

कालोलाइने : नाही.

फुसी : मग खुर्ची सरळ करते. हात काढते आता.

कालोलाइने : आई गेल्यापासून या डोक्याला घरातल्या कुणाचा हात लागलेला नाही.

फुसी : आत्या?

कालोलाइने : थोडा राहू दे.